सरपंचपदाच्या पुढची पायरी

निवडणुकीचे वारे वाहू लागले की, उमेदवारांच्या नावांची चर्चा शहापूरच्या बाजारपेठेत जशी रंगते, तशीच ती मुरबाडच्या एस. टी. स्थानकावरही रंगते. तिकीट कोणाला मिळणार, कोणत्या समाजाची मते किती, कोणाच्या पाठीशी कोणता पुढारी, हे सारे या चर्चेत असते. नसते ते एखाद्या कर्तबगार बाईचे नाव. वस्तुतः अशी बाई प्रत्येकाच्या माहितीतली असते. स्वतःचा लहानसा व्यवसाय ती सचोटीने चालविते. बचत गटाचा हिशेब तिच्या वहीत असतो. पाड्यावरील बाळंतिणीला रुग्णालयात पोचविण्यास रात्री-अपरात्री तीच धावते. सरपंचपदासाठी तिचे नाव सहज निघते, क्वचित जिल्हा परिषदेसाठीही निघते. लोकसभेसाठी मात्र ते कोणाच्या ओठांवर येत नाही. असे का व्हावे?

हे दोन्ही तालुके भिवंडी लोकसभा मतदारसंघात मोडतात. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार सार्वत्रिक निवडणुका येथे झाल्या आणि चारही वेळा पुरुषच निवडून आले. हा केवळ भिवंडीचा दोष नव्हे. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या. महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी अवघ्या ७ स्त्रियांना मिळाल्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे नाव प्रत्येक सभेत घेणाऱ्या राज्याला हा आकडा शोभा देणारा खचितच नाही.

स्त्रियांना राजकारणात रस नाही, असे यावर सांगितले जाते. हा युक्तिवाद ग्रामपंचायतींनी केव्हाच खोटा पाडला आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांत एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. आरंभी अनेक ठिकाणी सही पत्नीची आणि कारभार पतीचा असा प्रकार झाला, आजही काही ठिकाणी होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्याच व्यवस्थेतून ग्रामसेवकाला जाब विचारणाऱ्या स्त्रियाही तयार झाल्या. मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी २०१६ साली जिल्हा परिषदेच्या एका शिक्षकाने आजीबाईंची शाळा सुरू केली. आयुष्यभर अंगठा उठविलेल्या वृद्धा दप्तर घेऊन तेथे अक्षरे गिरवू लागल्या. संधी मिळाली की इच्छा आपोआप प्रकट होते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

मग ग्रामपंचायत पुरेशी का नाही? या प्रश्नाचे उत्तर शहापूरच्या पाण्यात आहे. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण याच तालुक्यात आहे. पुढे झालेले भातसाही येथेच. या तलावांवर मुंबईची तहान भागते. तरीही चैत्र-वैशाखात याच तालुक्यातील कितीतरी गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते आणि डोक्यावर हंडे घेऊन बायका मैल-मैल चालतात. ज्या तालुक्याने महानगराला पाणी दिले, त्याच्यासाठी नाशिक जिल्ह्यातील भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखावी लागावी, यापरता दैवदुर्विलास कोणता! हा अन्याय कोणत्याही सरपंचाच्या सहीने झालेला नाही. म्हणून तो सरपंचाच्या सहीने दूरही होणार नाही.

पाणी हा राज्याचा विषय आहे. खासदार त्यात काय करणार, असे कोणी विचारील. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु धरणाखाली जाणारी जमीन वनजमीन असेल, तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्राची संमती लागते. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा संसदेने केला. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अशा क्षेत्रात येतो. २०१३ चा भूसंपादन कायदाही संसदेचाच. मुरबाडमधील नियोजित काळू धरणाला आदिवासींनी केलेला विरोध आणि न्यायालयात झालेला वाद आठवावा. त्या वादाच्या मुळाशी हेच कायदे होते. ज्या सभागृहात हे कायदे घडतात आणि बदलतात, तेथे हंडा वाहिलेल्या बाईचा आवाज असू नये काय?

इतिहासात याला आधार आहे. गोदावरी परुळेकरांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातील आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभे केले. या लढ्यात त्या आणि शामराव परुळेकर खांद्याला खांदा लावून उभे होते. १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर गेले ते मात्र शामराव. पुढे वीस वर्षांनी मृणाल गोरे यांनी ही वाट पुरी केली. गोरेगावातील वस्त्यांच्या नळासाठी भांडता भांडता त्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या, १९६१ साली महापालिकेत, १९७२ साली विधानसभेत आणि १९७७ साली लोकसभेत पोचल्या. नळाचा प्रश्न त्यांना लहान वाटला नाही, आणि लोकसभा मोठी वाटली नाही. उलट, बँकेच्या प्रमुखपदी असलेल्या मीरा सन्याल २००९ साली दक्षिण मुंबईतून अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या, २०१४ साली पक्षाच्या वतीने लढल्या आणि दोन्ही वेळा पराभूत झाल्या. व्यवसायातील कर्तृत्वाला मतांचे बळ आपोआप लाभत नाही, हा यातील धडा. मृणालताईंच्या पाठीशी वस्ती होती. तिचे मोल पदापेक्षा अधिक ठरले.

कायद्याची अट फार जाचक नाही. लोकसभेसाठी अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास त्याच्या निम्मी. अपक्षाला दहा सूचक पुरतात. खरा अडसर पक्षांच्या तिकीटवाटपाचा आहे. खर्चाची कायदेशीर कमाल मर्यादा ९५ लाख रुपये ठरविली गेली; पक्षांनी मात्र ती जणू उमेदवाराची किमान पात्रता मानली. ‘निवडून येण्याची क्षमता’ म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळदा पैशाचे सभ्य नाव असते. लोकसभेत व विधानसभांत एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखणारी घटनादुरुस्ती संसदेने २०२३ साली संमत केली. परंतु तिचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांच्याशी बांधून ठेवला. पक्षांना मनापासून स्त्रिया हव्या असत्या, तर तिकीट देण्यास कोणत्याही घटनादुरुस्तीची गरज नव्हती.

याचा अर्थ, उमेदवार स्त्री आहे एवढ्यावरच मत द्यावे, असा नव्हे. व्यवसाय करणाऱ्या उमेदवाराचे हितसंबंध असतात. ठेके असतात, जमिनी असतात. २००३ पासून उमेदवाराला मालमत्ता, कर्जे आणि गुन्हे यांचे शपथपत्र द्यावे लागते. ते वाचावे, मग ती बाई असो वा पुरुष. घराण्याचे आडनाव घेऊन उभी राहिलेली सून आणि वीस वर्षे गावोगाव राबलेली कार्यकर्ती यांतील भेद ओळखण्याइतका विवेक मतदारापाशी असलाच पाहिजे.

येथे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांची जबाबदारी येते. मतदान केंद्रावर कर्तव्य बजावणारे बहुधा तुम्हीच असता, आणि गावातील मत घडविणाऱ्या गप्पांतही तुमचा शब्द चालतो. कर्तव्यावर असताना पक्षपात नकोच. परंतु कट्ट्यावर ‘बाईमाणसाला दिल्ली कशी झेपणार’ असे कोणी म्हणाले, तर हसून सोडून देऊ नये. भर उन्हात टेकडी चढून दोन हंडे घरी आणणे जिला झेपते, तिला कसाऱ्याहून गाडीत बसून दिल्ली गाठणे झेपणार नाही, हे म्हणणे तरी कोणाला झेपावे?