झडप बदलली, पुढे काय?

हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे आता नवलाची राहिलेली नाही. १९६० साली अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार यांनी रुग्णाच्या हृदयात कृत्रिम द्विदल झडप बसविली, तेव्हा ती जगभर बातमी ठरली होती. १९९० साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत घडविलेली भारतीय झडप प्रथमच वापरण्यात आली आणि परदेशी झडपेची किंमत न परवडणाऱ्यांना मोठा आधार मिळाला. महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही समाविष्ट आहे. ही प्रगती निःसंशय अभिनंदनीय होय. परंतु टाके सुकून घरी परतलेल्या रुग्णाने चालावे किती, उचलावे काय आणि कामावर रुजू व्हावे केव्हा, या प्रश्नांची उत्तरे त्याला कोण देते?

प्रस्तुत लेखकाने हा अनुभव स्वतः घेतला आहे. रुग्णालयातून निघताना हाती पडलेल्या कागदावर गोळ्यांची नावे, मात्रा आणि वेळा तपशीलवार होत्या. हालचालींविषयी मात्र ‘जपून राहावे’ एवढे दोनच शब्द होते. घरच्यांनी त्यांचा अर्थ ‘हलू नये’ असा लावला. दीड महिना खुर्चीत काढल्यावर महाविद्यालयाचा एक जिना चढताना दोनदा थांबावे लागले. झडप उत्तम चालत होती. पाय आणि फुप्फुसे मात्र काम विसरली होती. पुढे एका फिजिओथेरपिस्टबाईंनी अर्ध्या तासात जे समजावून दिले, ते पहिल्याच दिवशी समजले असते, तर तो दीड महिना वाया गेला नसता.

त्यांनी सांगितले त्यात गूढ असे काहीच नव्हते. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत मधले हाड कापून तारेने जोडलेले असते आणि ते पक्के होण्यास सुमारे तीन महिने लागतात. या काळात जड वस्तू उचलणे, ढकलणे, ओढणे, हातांवर भार देऊन उठणे आणि दुचाकी चालविणे टाळावयाचे असते. किती जड, याचा हिशेब सोपा आहे. उचलण्याची मर्यादा सामान्यतः तीन ते पाच किलोंची सांगितली जाते, आणि दहा लिटर पाण्याची बादली दहा किलोंहून अधिक भरते. मर्यादा आहे ती हातांवर, पायांवर नव्हे. म्हणून सपाट रस्त्यावर प्रथम पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा चालावे आणि दर दोन-चार दिवसांनी थोडी मिनिटे वाढवीत महिना-दीड महिन्यात अर्ध्या तासापर्यंत जावे. आरंभ आणि शेवट संथ असावा. जेवणानंतर लगेच किंवा भर उन्हात चालू नये.

वेग किती ठेवावा? चालता चालता सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा. नाडीच्या ठोक्यांवर येथे विसंबता येत नाही, कारण अनेकांना दिलेल्या गोळ्या ते ठोके मुळातच कमी ठेवतात. छातीत दुखणे, चक्कर, नेहमीपेक्षा अधिक धाप किंवा अनियमित धडधड जाणवली, तर तेथेच थांबावे आणि डॉक्टरांना कळवावे. ताप, जखमेतून स्राव, छातीच्या हाडात खटखट, पावलांवर सूज किंवा दोन दिवसांत किलो-दीड किलोने वाढलेले वजन, ही लक्षणे तर एक दिवसही अंगावर काढू नयेत. धावणे, पोहणे किंवा व्यायामशाळा यांचा विचार छातीचे हाड जुळल्यावर, हृदयाची सोनोग्राफी आणि श्रमचाचणी पाहून डॉक्टरांनी संमती दिल्यावरच करावा. श्वास रोखून वजने उचलणे टाळणेच बरे. धातूची झडप असलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. त्यांनी कबड्डी, कुस्ती यांसारखे मार बसणारे खेळ सोडून द्यावेत.

या साध्या ज्ञानाचा अभाव समाजाला महाग पडतो. आपल्या देशात झडप निकामी होण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणारा ऱ्हुमॅटिक ताप. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या टेबलावर अनेकदा येतात ती गरीब घरातील तरुण माणसे, ज्यांच्यापुढे कमाईची तीस वर्षे असतात. त्यांपैकी कारकून असेल त्याला वैद्यकीय रजा मिळते आणि घरचे त्याला जागचे हलू देत नाहीत. शेतमजूर स्त्रीला रजा कुठली? तिच्या डोक्यावर पंधरवड्यातच पाण्याचा हंडा येतो. एक अतिविश्रांतीने दुबळा होतो, दुसरी अतिश्रमाने धोक्यात येते. आणि दोघांच्याही कागदावर ‘जपून राहावे’ हेच शब्द असतात. धरण बांधावे आणि पाटचाऱ्या खोदू नयेत, असा हा प्रकार आहे. भांडवली खर्च झाला, पाणी शेतापर्यंत पोहोचले नाही.

निगराणीखालील व्यायामाने नेमके काय साधते, याविषयी अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. डेन्मार्कमध्ये झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या १४७ रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत बारा आठवड्यांच्या व्यायामाने शारीरिक क्षमता वाढली. मानसिक स्वास्थ्यात मात्र फरक दिसला नाही. पण हातावर पोट असलेल्या माणसाच्या दृष्टीने शारीरिक क्षमता वाढणे ही लहान गोष्ट आहे काय?

‘डॉक्टरांना वेळ नाही आणि शासनाकडे पैसा नाही’ हा आक्षेप येथे टिकत नाही. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. प्रत्येक रुग्णाला घरी जाताना आठवड्यागणिक आखलेला चालण्याचा तक्ता सोप्या मराठीत द्यावा आणि तो घरच्यांसमोर वाचून दाखवावा. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्टने अशा रुग्णांना सहा मिनिटे चालवून त्यांची प्रगती नोंदवावी. रक्ताची आयएनआर तपासणी तालुक्याच्या ठिकाणीच व्हावी. कामावर परतणाऱ्यास पहिले तीन महिने हलके काम मिळावे. शिक्षकाच्या बाबतीत वरच्या मजल्यावरचा वर्ग खाली आणला तरी ते साधते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, हे आज रुग्ण जिवंत घरी गेला यावरून ठरविले जाते. सहा महिन्यांनी तो आपल्या पायांनी कामावर जातो का, हेही त्याच नोंदवहीत लिहिले जाऊ लागेल, तेव्हाच त्या शस्त्रक्रियेवर झालेला खर्च सत्कारणी लागला असे म्हणता येईल.