संगणक बदलताना मुनीमजींना विचारावे



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सेवा थांबवली, तेव्हा चोपडापूजनाला जेमतेम आठवडा उरला होता. डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर माझ्या मामांचे भांड्यांचे दुकान आहे. तेथील चारही संगणक २०१६ साली घेतलेले. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. ती या यंत्रांत नाही. संगणक बंद पडणार नव्हते, परंतु सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणे थांबणार होते, आणि ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात ते असे उघडे ठेवणे शहाणपणाचे नव्हते. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदत देऊ केली होती. पण वर्षानंतर प्रश्न तोच.

दुरुस्तीस येणाऱ्या गृहस्थांनी दोन मार्ग सुचवले. चारही यंत्रे भंगारात द्यावीत, नाहीतर विंडोज ११ ची विनापरवाना प्रत कशीबशी बसवून घ्यावी, “सगळेच बसवतात!” मामा शांतपणे म्हणाले, “बिलाशिवायचा माल मी दुकानात ठेवत नाही. संगणकात तरी कसा ठेवू?” तिसरा मार्ग मामेभावाने सुचवला : लिनक्स.

आता लिनक्स म्हटले की पहिला गोंधळ नावांचा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली जो निर्माण केला, तो केवळ गाभा. त्या गाभ्याभोवती आवश्यक साधने जुळवून जो तयार संच मिळतो, त्यास डिस्ट्रिब्यूशन म्हणतात : डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट ही त्यांतील काही नावे. आपल्याकडे सी-डॅकने डेबियनच्या आधाराने २००७ साली ‘बॉस’ नावाचा संच काढला. पडद्यावर बटणे, पट्टी, खिडक्या यांची जी मांडणी दिसते, ती डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट : नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई इत्यादी. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर डिस्ट्रिब्यूशन म्हणजे माल पुरवणारी पेढी आणि डेस्कटॉप म्हणजे दुकानातील मांडणी. पेढी निवडताना ती किती वर्षे टिकेल हे पाहावे. मांडणी निवडताना गल्ल्यावर कोण बसणार हे पाहावे.

मामांकडे गल्ल्याशेजारी मुनीमजी बसतात. वय अडुसष्ट. लाल कापडी बांधणीच्या वह्या गेल्या आणि संगणक आला, तेव्हा त्यांना वाटले होते की आपले दिवस संपले. सहा महिने ते दुकान बंद झाल्यावर एकटे बसून माऊस धरायला शिकत असत. आता पुन्हा सारे बदलणार, हे ऐकल्यावर त्यांनी काहीच म्हटले नाही. फक्त त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला. मामींनी ते पाहिले आणि मुलाला बजावले, “निवड तू करायची नाहीस. मुनीमजींना बसवून विचारायचे.”

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मामेभावाने एका पेनड्राइव्हवर तीन संच आणले. लिनक्सची ही मोठी सोय आहे : संगणकातील काहीही न पुसता ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. प्रथम उबुंटू लावले. त्यातील नोमची मांडणी देखणी, पण पट्टी डाव्या कडेला उभी. मुनीमजींची नजर खाली शोधत राहिली. नंतर केडीई प्लाझ्मा आले. त्यात हवे ते हवे तसे बदलता येते. मुनीमजींना मात्र काहीच बदलायचे नव्हते. तिसऱ्यांदा लिनक्स मिंटची सिनॅमन मांडणी उघडली. पट्टी खाली, कोपऱ्यात मेनूचे बटण, उजवीकडे घड्याळ. मुनीमजींनी न विचारता मेनू उघडला, कॅल्क्युलेटर शोधला, १८ टक्के कर काढला आणि म्हणाले, “हे आपलेच आहे.”

निवड तेथेच झाली. मिंटच्या बाजूने अन्य कारणेही होती. हा संच २००६ पासून चालू आहे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर तो उभा असल्याने मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. गोदामातील यंत्रात चारच जीबी मेमरी असल्याने तेथे मिंटचीच हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसवली.

मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात तीच विसरली जाते. टॅली लिनक्ससाठी निघत नाही. ‘वाइन’ नावाच्या साधनाने विंडोजचे काही कार्यक्रम लिनक्सवर चालतात, परंतु वर्षाचा हिशेब अशा भरवशावर सोडू नये. मामांनी हिशेबासाठी विंडोज ११ चा एक नवा संगणक परवान्यासह घेतला. उरलेली तीन यंत्रे मिंटवर नेली आणि चौथे सुटे भाग म्हणून ठेवले. एका संगणकाचा खर्च आला, तीन संगणकांचा वाचला.

जीएसटीचे संकेतस्थळ लिनक्सवरील ब्राउझरमध्ये उघडते. एका मालकाच्या पेढीस विवरणपत्र ओटीपीने भरता येते. कंपनी आणि एलएलपी यांना डिजिटल सही लागते, म्हणून त्यांनी आपले टोकन लिनक्सवर चालते का, हे आधी पाहावे. बारकोडचा आणि पावतीचा प्रिंटरही पेनड्राइव्हवरील चाचणीतच जोडून पाहावा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो आणि लिब्रेऑफिस मराठीतून वापरता येते. परंतु युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटमधील पत्रे तो फाँट नसल्यास निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये आणावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे : लिनक्स कायमचे बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून बॅकअप घेऊन, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याखेरीज पुढचे बटण दाबू नये.

ज्या वाचकांच्या दुकानात असेच जुने संगणक आहेत, त्यांना माझे इतकेच सांगणे. कोणते लिनक्स सर्वोत्तम, हा वाद तरुणांना रंगवू द्यावा. आपण कामांची यादी करावी, आणि ज्याला रोज त्या यंत्रापुढे बसायचे आहे त्याच्या हाती आधी माऊस द्यावा. यंत्र नवे असो वा जुने, पेढी चालते ती माणसांच्या सरावावर. तो सराव मिळवण्यास वर्षे लागतात आणि त्याची किंमत कोणत्याही बिलावर लिहिलेली नसते.

गेल्या आठवड्यात मी दुकानात गेलो, तेव्हा मुनीमजी नव्या पोऱ्याला पावती छापायला शिकवत होते. “घाबरू नकोस,” ते म्हणत होते, “मेनू खाली कोपऱ्यातच आहे.”