जुना गेम चालतो, दुकानाचा हिशेब अडतो!

१९९० चा डॉसवरचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' विंडोज ११ च्या लॅपटॉपवर 'डॉसबॉक्स' या मोफत प्रोग्रॅममुळे आजही मजेत खेळता येतो. दुकानाच्या जुन्या हिशेबाचे तसे नाही. ३२ बिट विंडोज १० वर १६ बिट प्रोग्रॅम चालत होते. विंडोज ११ मात्र फक्त ६४ बिटमध्येच येते आणि ती असे प्रोग्रॅम सुरूच करत नाही. 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडूनही नाही. डॉसबॉक्स मुळात गेमसाठी बनलेला, बिले छापायला त्यावर विसंबणे धोक्याचेच. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून जुना संगणक लगेच भंगारात देऊ नये. गेम पुन्हा मिळेल, उधारीच्या नोंदी कुठून आणणार? आधी सगळ्या फाइल्स पेनड्राइव्हवर घ्याव्यात. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइल्स मोफत 'लिब्रेऑफिस'मध्येही उघडतात.