कोंबडीच्या गोळीखाद्याची आंच

उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वलांडीवर उन्हांत सुकतात. हलक्या प्रतीची सुकी मासळी कोंबड्यांच्या खाद्यांतही जाते. तींत वाळू किती, मीठ किती, हें मीरा-भाईंदरकडील जाणता मनुष्य मूठभर माल हातांत घेऊन सांगेल. पण तोच गृहस्थ तयार गोळीखाद्य घेतांना गोळी कडक व चकचकीत दिसली कीं दाम मोजून मोकळा होतो. ही परीक्षा आम्हांस अपुरी वाटते.

गोळी पाडण्यापूर्वीं पिठास वाफ देतात. सुमारें ८० अंश सेल्सिअसला मक्याचें पिष्ट फुगून गोळी धरते व साल्मोनेलासारखे जंतु बरेचसे मरतात. सोयाबीनला तर आंच हवीच. कच्च्या दाण्यांतील एक द्रव्य प्रथिनांचें पचन अडवितें. परंतु आंच बेताबाहेर गेली कीं प्रथिनांतील लायसिन साखरेशीं जखडतें व पक्ष्याच्या अंगीं लागत नाहीं. कांहीं जीवनसत्त्वेंही नासतात. पिशवीवर छापलेला प्रथिनांचा आंकडा मात्र जसाचा तसाच राहतो! तेव्हां खाद्य किती अंशांवर व किती वेळ तापविलें, हें बांधवांनीं कारखानदारास लेखी विचारावें. जो उत्तर देणार नाहीं, त्याचा माल आम्ही तरी घेणार नाहीं.