गोत्रापेक्षा गुण मोठा

दसरा-पाडव्याच्या सुमुहूर्तावर नवी मोटार दारी आणण्याची प्रथा आता किनाऱ्यावर जितकी रुजली आहे तितकीच ती सह्याद्रीपलीकडच्या पठारावरही रुजली आहे. झेंडूच्या माळा, पुढच्या पत्र्यावर काढलेले स्वस्तिक आणि चाकाखाली ठेवलेले लिंबू हा सोहळा पणजीस होतो, सावंतवाडीस होतो, कारवारास होतो आणि बीदर-कलबुर्गी या कर्नाटकाच्या सीमेवरील जिल्ह्यांतील भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील मराठी घरांतूनही होतो. सोहळ्यापूर्वी घरोघर जो वाद रंगतो तोही सर्वत्र एकच असतो. गाडी देशी घ्यावी की विदेशी? ‘पिकते तेथे विकत नाही’ या न्यायाने घरच्या मालाला नाके मुरडणारे एका बाजूस आणि ‘दुरून डोंगर साजरे’ असे बजावणारे दुसऱ्या बाजूस. आमच्या मते हा सारा वाद चुकीच्या प्रश्नावर उभा आहे, आणि तो चुकीचा का, हे बीदर-कलबुर्गीच्या अनुभवावरून जितके स्पष्ट होते तितके मोठ्या शहरांच्या अनुभवावरून होत नाही.

किनाऱ्यावरील वाचकाला त्या दूरच्या जिल्ह्यांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. दत्तभक्तांना तरी हे सांगावयास नको. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर आणि बीदर जिल्ह्यात हुमनाबादजवळचे माणिकप्रभूंचे माणिकनगर या स्थानांना गोवा-कोकणातून भाविक वर्षानुवर्षे जात आले आहेत. पणजीहून चोर्ला किंवा अनमोडचा घाट चढून, बेळगाव-विजापूर मागे टाकून गाणगापुरास पोहोचेपर्यंत चारशे किलोमीटरांहून अधिक रस्ता तुडवावा लागतो. घाटाचा चढ आणि पठारावरील चाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा ही दोन्ही परीक्षा एकाच प्रवासात देणारी गाडी कोणती, हा त्या भाविकापुढे नित्याचाच प्रश्न आहे.

या दोन प्रदेशांना जोडणारा इतिहासाचाही एक धागा आहे. दोन्ही ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेर होते. बीदर आणि तेव्हाचे गुलबर्गा हे जिल्हे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. दोन्हीकडे मोटार आली ती परदेशातून. हैदराबाद संस्थानाने १९३२ साली रेल्वेच्या आश्रयाने सरकारी बससेवा सुरू केली ती २७ गाड्यांनिशी, आणि रस्त्यावर धावल्या त्या स्कॉटलंडमध्ये बनलेल्या आल्बियन बसगाड्या. खुद्द निजामासाठी मागविलेली १९१२ सालची सिंहासनयुक्त रोल्स-रॉइस आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात दिमाखात उभी आहे. ती उभ्या आयुष्यात काही शे मैलच चालली, असे सांगतात. जी गाडी रस्त्यावर उतरतच नाही ती बंदही पडत नाही. तिच्या भरवशाचे कौतुक कोणी करावे? कौतुक करावयाचे तर ते खेडोपाडी धुरळा खात फिरणाऱ्या त्या बसगाड्यांचे आणि त्या चालत्या ठेवणाऱ्या आगारांतील कारागिरांचे केले पाहिजे.

गोव्याचा अनुभव याहून वेगळा नाही. मुक्तीच्या वेळी येथील रस्त्यांवर ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीज अशा गाड्या होत्या. मर्सिडीजची टॅक्सी पाहून बाहेरचा प्रवासी चकित होत असे. पुढे भारताचे आयातीवरील निर्बंध लागू झाले, सुट्या भागांचा ओघ आटला आणि त्या नामवंत गाड्यांचे भवितव्य म्हापसा-मडगावच्या मिस्त्र्यांच्या हाती गेले. ज्या गाडीला मिस्त्री मिळाला ती पुढे अनेक वर्षे धावली. जिला मिळाला नाही ती माडाखाली गंजत पडली. गाड्या तशा एकाच तोलाच्या होत्या, आणि तरीही एकीचे आयुष्य वाढले, दुसरीचे खुंटले.

स्वतंत्र भारताने स्वदेशी मोटारीचा आग्रह धरला त्यामागे परकीय चलनाची टंचाई हे मोठे कारण होते. १९२८ पासून मुंबईत गाड्या जुळविणाऱ्या जनरल मोटर्सला आणि पाठोपाठ फोर्डला १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर येथील काम बंद करावे लागले, कारण केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना यापुढे थारा नाही असे धोरण ठरले. मैदान उरले ते मुख्यतः दोघांना: उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स आणि कुर्ल्याची प्रीमियर. प्रीमियरचे संस्थापक वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, म्हणजे कलबुर्गीच्या शेजारचेच. पण या स्वदेशी गाड्यांचे कूळ पाहिले तर काय दिसते? अ‍ॅम्बॅसेडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची अवतार, आणि पद्मिनी ही इटलीच्या फियाटची. शुद्ध देशी गोत्राची गाडी त्या काळीही दुर्मीळच होती.

त्या गाड्यांविषयी आज अनेकांच्या मनात हळवेपणा आहे. तो समजण्याजोगा असला तरी वस्तुस्थिती विसरून चालणार नाही. स्पर्धा नव्हती, गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि इतके थांबून हाती आलेल्या नव्या गाडीची दारे नीट लागतीलच याचा नेम नसे. तरीही त्यांचा एक गुण निर्विवाद होता. तालुक्याच्या गावातील कोणताही मिस्त्री पान्हा आणि हातोडी घेऊन त्या उघडू शके, आणि लागणारा भाग जवळच्या बाजारपेठेत मिळे. हुमनाबादच्या नाक्यावर बंद पडलेली अ‍ॅम्बॅसेडर संध्याकाळपर्यंत पुन्हा चालू लागे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि न बंद पडणारी गाडी म्हणजे काय हे मध्यमवर्गाला प्रथमच कळले. तीही जपानच्या सुझुकीची, आणि आरंभी बहुतांशी जपानी भागांनीच जुळविलेली. परंतु त्या कंपनीने गाडीपाठोपाठ गावोगाव दुरुस्तीची केंद्रे उघडली, भाग पोहोचविले, आणि विदेशी गाडी पाहता पाहता देशी होऊन गेली. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आज तर देशी-विदेशी ही सीमारेषाच पुसट झाली आहे. बंगळूरजवळच्या बिडदीत किर्लोस्करांच्या भागीदारीने टोयोटाचा कारखाना उभा राहिला. तेथील गाडी कानडी म्हणावी, मराठी म्हणावी की जपानी? जग्वार आणि लँड रोव्हर ही इंग्लंडची अभिमानाची नावे २००८ पासून टाटांची आहेत. उलट, देशात बनली म्हणून गाडी निर्धास्त झाली असेही नाही. १९९० च्या दशकात कल्याणला प्यूजो बनली, उत्तर प्रदेशात देवू बनली. थोड्याच वर्षांत दोन्ही उद्योग बुडाले. जनरल मोटर्सने २०१७ साली येथील विक्री पुन्हा थांबविली आणि फोर्डने २०२१ साली उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. ज्यांनी विश्वासाने या गाड्या घेतल्या त्यांच्या पदरी मिळेल तेथून भाग शोधण्याची चिंता आली.

गुणवत्तेची मक्तेदारीही कोणा एका देशाकडे नाही. टाटांच्या इंडिकाच्या पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी झाल्या, त्या ऐकून कंपनीने २००१ मध्ये सुधारलेली आवृत्ती आणली. आणि त्याच टाटांच्या नेक्सॉनने २०१८ साली ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे मिळविले. दुसरीकडे २०१५ साली फोक्सवॅगनसारख्या जगद्विख्यात जर्मन कंपनीने धुराची चाचणी फसविणारी यंत्रणा जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत बसविल्याचे उघडकीस आले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हा प्रकार परदेशातही घडतो. येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. अपघातात प्रवाशाला वाचविणारी गाडी आणि रोजच्या वापरात दगा न देणारी गाडी हे दोन वेगळे गुण आहेत. तारे पहिल्याची साक्ष देतात, दुसऱ्याची नव्हे. ग्राहकाने दोन्ही तपासावेत.

मग दुसऱ्या गुणाची कसोटी कोणती? आमचे म्हणणे असे की, गाडीचा भरवसा हा कारखान्यात अर्धाच तयार होतो. उरलेला अर्धा तयार होतो तो ग्राहकाच्या घरापासून दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंतच्या अंतरात. मुंबई-बंगळुरात राहणाऱ्याला हे अंतर जाणवत नाही. बीदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर आहे, कलबुर्गीहून सोलापूर सव्वाशेच्या आत, आणि राज्याची राजधानी बंगळूर सहाशेहून अधिक. औरादच्या डॉक्टरने किंवा आळंदच्या तूर-व्यापाऱ्याने पूर्ण बांधून आयात झालेली गाडी घेतली आणि तिचा एखादा संवेदक बिघडला, तर ती आधी दुसऱ्या वाहनावर चढवून हैदराबादेस न्यावी लागेल, आणि भाग परदेशातून येईपर्यंत वाट पाहावी लागेल. दहा वर्षांत एकदाच बिघडणारी पण बिघडल्यावर महिनाभर उभी राहणारी गाडी, आणि वर्षातून एकदा कुरकुरणारी पण त्याच सायंकाळी घरी येणारी गाडी, यांत अधिक भरवशाची कोणती? रात्री-अपरात्री रुग्ण घेऊन कलबुर्गी गाठावी लागणाऱ्या कुटुंबाला याचे उत्तर द्यावयास पंडिताची गरज नाही.

आजच्या गाडीचे निम्मे चलनवलन संगणकाच्या हाती आहे, ही अडचण त्यात मिळाली आहे. जुन्या मिस्त्रीचा कान इंजिनाचा आवाज ओळखे. नव्या गाडीला मात्र कंपनीचे यंत्र जोडल्याशिवाय दुखणे सांगताच येत नाही. ते यंत्र आणि ती माहिती अधिकृत केंद्राबाहेर जाऊ न देण्याची प्रवृत्ती देशी कंपन्यांत आहे तशीच विदेशी कंपन्यांतही आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी संकेतस्थळ काढले आणि त्यात मोटारींचा समावेश केला हे स्तुत्य आहे, परंतु हक्क संकेतस्थळावर राहून चालत नाही, तो भालकीच्या गॅरेजात पोहोचला पाहिजे.

हा प्रश्न येत्या काळात अधिकच तातडीचा होणार आहे. बांधून आलेल्या मोटारींवर आजवर ७० पासून ११० टक्क्यांपर्यंत कराचा बोजा पडत आला. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार-करारात ठरावीक संख्येपुरता हा कर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याचे ठरले आहे. विदेशी गाड्या स्वस्त झाल्या तर आमची तक्रार नाही. स्पर्धेने देशी कारखानदारही जागा राहतो. पण जो माल विकावयास येईल त्याने त्याची दुरुस्तीही बरोबर आणली पाहिजे. कोणत्या जिल्ह्यात आपले केंद्र आहे, नेहमीचे सुटे भाग किती दिवसांत मिळतील आणि उत्पादन थांबल्यावर किती वर्षे मिळत राहतील, हे प्रत्येक विक्रेत्याने लेखी जाहीर करावे असे बंधन सरकारने घालावे. माहितीपुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. ती कन्नड, मराठी आणि उर्दूतही द्यावी. तीन भाषा बोलणाऱ्या जिल्ह्यांत गाडी विकता येते, तर तीन भाषांत सूचना का छापता येऊ नयेत?

ग्राहकानेही आपले हक्क ओळखले पाहिजेत. १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार कायद्याने सरकारला मिळाला आहे; सात वर्षांच्या आतील गाडीत दोष आढळल्यास त्याची नोंद अवश्य करावी, कारण एकेकट्या तक्रारी साचूनच आदेशाची वेळ येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक मोलाची सोय केली आहे. गाडी हैदराबादेत घेतलेली असो वा सोलापुरात, ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला दाद मागता येते. मोजलेली किंमत पन्नास लाखांच्या आत असली म्हणजे झाले. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी टॅक्सी चालविणाराही यात येतो. सीमेवर राहणाऱ्यांनी मात्र एक खबरदारी घ्यावी. उदगीर-लातुरास गाडी घेऊन ती बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवावयाची असेल तर तेथे नोंदणी बदलावी लागते आणि तेथील कर भरावा लागतो. दुकानात दिसलेल्या सवलतीतून ही रक्कम आधी वजा करून पाहावी.

आणि जुनी गाडी घेणाऱ्या पठारावरील बांधवांना किनाऱ्यावरून आमचे एक सांगणे आहे. खारी हवा पत्र्याला आतून खाते. किनाऱ्यावर वापरलेली गाडी, मग ती कितीही नामांकित असो, खालून तपासल्याखेरीज घेऊ नये.

बीदरची बिदरी कला जगप्रसिद्ध आहे. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीचे नक्षीकाम करतात, पण त्या पात्राला त्याची ती अढळ काळी झळाळी येते ती बीदरच्या किल्ल्यातील मातीने. मोटारीचेही तसेच आहे. पोलाद कोठलेही असो, रचना कोणाचीही असो, ज्या मातीत ती धावावयाची त्या मातीत तिची पारख झाली पाहिजे. म्हणून दुकानाची पायरी चढताना गाडी कोणत्या देशाची हे विचारण्याआधी ग्राहकाने इतकेच विचारावे: ही आमच्या गावात बंद पडली तर पुन्हा चालू कोण करील, आणि किती दिवसांत? ज्या विक्रेत्यापाशी याचे सरळ उत्तर नाही, त्याला देशी असो वा विदेशी, दुरूनच नमस्कार करावा.