मूळ नोंद अबाधित राहो

मावळातील पाले गावाजवळच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. तेथील ब्राह्मी शिलालेखाचा आरंभ अरहंतांना नमस्कार करून होतो. भदंत इंदरखित यांनी लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करविल्याची नोंद त्यात आहे. डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शोभना गोखले यांनी अभ्यासलेला हा लेख इसवी सनापूर्वीचा मानला जातो. महाराष्ट्रातील जैन परंपरेचा हा अतिप्राचीन पुरावा होय.

लोणावळ्याहून वाट वाकडी करून येथे आलेला यात्रेकरू मोबाइलवर लेखाचे छायाचित्र घेतो. घरी अक्षरे पुसट भासतात आणि ‘शार्पन’ची पट्टी टोकापर्यंत सरकवली जाते. अक्षरे उठून दिसतात खरी. पण त्यांच्याबरोबर खडकाची प्रत्येक भेगही उठते. मग छिन्नीची रेघ कोणती आणि पावसाची कोणती, हे कळेनासे होते.

शार्पन केल्याने नवा तपशील निर्माण होत नाही. उजेड आणि छाया जेथे भेटतात, त्या कडेची उजळ बाजू अधिक उजळ व गडद बाजू अधिक गडद केली जाते, इतकेच. अतिरेक झाला की कडांभोवती पांढरी झालर उमटते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर अंदाजाने रेषा भरतात. शिलालेखाच्या बाबतीत ते अक्षर बनावट ठरते. खरा उपाय लेण्यातच आहे: विजेरीचा झोत बाजूने तिरपा टाकावा, म्हणजे कोरीव रेषेत सावली भरते. खडू किंवा पाणी मात्र दगडाला कदापि लावू नये.

व्यापारी घराण्यांना पुढील तत्त्व नवे नाही. रोजकीर्दीत चूक झाली तर मूळ नोंद खोडत नाहीत, दुरुस्तीची स्वतंत्र नोंद करतात. लाइटरूमसारखी प्रणाली हेच करते. मूळ चित्राला हात न लावता बदलांच्या सूचना तेवढ्या वेगळ्या जपते. त्या केव्हाही मागे घेता येतात. याउलट जेपेग चित्र बदलून त्याच नावाने पुनःपुन्हा जतन केल्यास दर खेपेस थोडा तपशील कायमचा जातो. म्हणून मूळ प्रत निराळी ठेवावी. आधी उजेड व रंग, मग आकार आणि सर्वांत शेवटी शार्पन, तेही चित्र शंभर टक्के आकारात पाहून करावे.

पूर्वजांच्या जुन्या छायाचित्रांनाही हाच नियम लागू आहे. जे अक्षर अस्पष्ट आहे, ते अस्पष्ट म्हणूनच पुढच्या पिढीच्या हाती देणे, हेही सत्याणुव्रताचे पालनच होय.