दांडा कुणाच्या हातात?



एच. जी. वेल्सचं ‘टाइम मशीन’ मी नववीत वाचलं. पुस्तक १८९५ चं. एक गोरा शास्त्रज्ञ यंत्रात बसून आठ लाख वर्षं पुढं जातो. तिथं वर उजेडात इलॉय. नाजूक, कामाला हात न लावणारे, फळं खाऊन खेळणारे. आणि खाली, जमिनीच्या पोटात, अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. रात्री ते विहिरींतून वर येतात आणि इलॉयना खातात. शास्त्रज्ञानं लोखंडी दांड्यानं मॉरलॉकची डोकी फोडली तेव्हा मी जाम खूष झालो.

त्याच संध्याकाळी बाप कामावरून आला. बाप ड्रेनेजवर होता, मॅनहोलमध्ये उतरायचा. आई मोरीत त्याच्या अंगावर पाणी ओतत होती आणि माझ्या डोक्यात लख्ख पेटलं. च्यायला, मॉरलॉक तर माझ्याच घरात जेवतो!

मॉरलॉक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खाली दाबलेले कामगारच, असा तर्क वेल्सचा शास्त्रज्ञ स्वतःच करतो. वेल्सची आई बड्या हवेलीत नोकरीला होती. तळघर त्याला ठाऊक होतं. तरी दांडा त्यानं वरून आलेल्याच्याच हातात दिला.

पुढं कॉलेजात हक्सलेचं ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ हाती पडलं. १९३२ चं. माणसं बाटलीत वाढवतात. अल्फा ते एप्सिलॉन, जात जन्माआधीच ठरलेली. डेल्टा बाळांपुढं रंगीत पुस्तकं आणि गुलाब ठेवतात. बाळं रांगत जातात, हात लावतात, की भोंगा वाजतो, विजेचा झटका बसतो. जन्मभर पुस्तकाचा तिटकारा.

एक सवर्ण मित्र म्हणाला, “काय भयानक कल्पनाशक्ती!” म्हटलं, कल्पना कसली राजा? मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढ. ब्राह्मणाला धर्म शिकवू पाहणाऱ्या शूद्राच्या तोंडात-कानात तापलेलं तेल. दहावा काढ. चांडाळानं गावाबाहेर राहावं, मेलेल्याची वस्त्रं नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावं. हक्सलेला कारखाना लागला, बाटल्या लागल्या, वीज लागली. मनूला नुसता जन्म पुरला. यांचं भयाण भविष्य, ते आमचं मागचं पान.

मित्र कसला ऐकतो! ब्रॅडबरीचं १९५३ चं ‘फॅरनहाइट ४५१’ पुढं करून म्हणाला, “मग २५ डिसेंबर १९२७ ला महाडात तुम्हीही पुस्तकच जाळलंत ना?” हो, जाळलं. पण ब्रॅडबरीचे बंबवाले सरकारी हुकमानं पुस्तकं जाळतात, कुणी वाचू नये म्हणून. महाडला, ज्यांच्या वाचण्यावर पिढ्यान्‌पिढ्या बंदी, त्यांनी बंदी घालणारं पुस्तक जाळलं. आणि बाबासाहेबांनी मनू वाचून जाळला.

आपलंही एक सांगतो, राग आला तरी चालेल. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ चा. त्याच्या प्रस्तावनेतच बाबासाहेब बुद्धचरित्राबद्दल प्रश्न उभे करतात. आपण त्याला हार घालतो, उदबत्ती लावतो आणि प्रश्न विचारायचे विसरतो. ही पोथी झाली, दोस्तहो.

सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी केली. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं यान चंद्रावर उतरलं. माणूस अजून मॅनहोलमध्ये उतरतोय. विज्ञानकथा म्हणतात ती ही!

तेव्हा वाचा. पोथी वाचा, विज्ञानकथा वाचा, सगळं वाचा. पण प्रत्येक पुस्तकाला विचारा, यात आम्ही कुठं आहोत आणि दांडा कुणाच्या हातात आहे? अमेरिकेत ऑक्टेव्हिया बटलर या काळ्या बाईनं १९७९ मध्ये ‘किन्ड्रेड’ लिहिलं. तिची नायिका भूतकाळात जाते ती थेट गुलामांच्या मळ्यावर. गोऱ्याची सहल, काळीचा फटका.

इलॉयनं सांगितलेली गोष्ट आपण पुष्कळ ऐकली. आता मॉरलॉकनं लिहावी.